होऊन राहिली

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याची खोली सोडून अकोल्याला आले. आई गेल्यापासून ते एकटेच. कंपनीतल्या मॅडम म्हणाल्या, "दोन महिने घरून करून बघ. जमलं तर ठीक, नाहीतर परत यायचं." काम तसं कुठूनही होण्यासारखं. पंप, मिक्सर, शिलाई मशीन यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते आणि जी कोणी वाचत नाही, ती मी लिहिते.

परत जावं लागेल या धास्तीनं माझा जीव टांगणीला. त्यात सगळ्यात जास्त दमायची ती जीभ. लॅपटॉपकडे तोंड असलं की 'मला, तुला, करतेय'. मान वळवली की 'मले, तुले, करून राहिली'. ताण उतरावा म्हणून व्हिडिओ बघून श्वासाचे व्यायाम सुरू केले. चार मोजत आत, आठ मोजत बाहेर. दारातून बाबा म्हणाले, "काहून वं, दमा झाला का तुले?" तिथं माझी मोजणी चुकली ती चुकलीच.

बाबा चाळीस वर्षं अकोल्याच्या कोर्टात वकील होते. माझी मीटिंग सुरू झाली की वॉकर टेकत दारात हजर. चहा मांडू का, पेपर कुठी हाये, पंखा काहून बंद हाये. मी हातानंच 'जा' म्हणायची. एकदा चांगलीच खेकसलेही.

एका दुपारी मॅडमनी ग्रुपवर विचारलं, 'पंपाची पुस्तिका झाली?' नेमके तेव्हाच बाबा दारात. "भाजी कायची करून राहिली?"

"वांग्याची करून राहिली," असं त्यांना म्हणता म्हणता मी टाइप केलं, 'होऊन राहिली.'

पाच मिनिटांत मॅडमनी गिऱ्हाइकाला मेल टाकला की पुस्तिका तयार आहे, चारपर्यंत पाठवतो. छत्तीसपैकी अकरा पानं अजून लिहायचीच होती. आता बोजाबिस्तरा बांधायचा, एवढंच डोळ्यांपुढं आलं.

बाबांना सगळं सांगितलं. मॅडमना लाईट गेली म्हणून कळवते, असंही मी म्हणाले. आमच्याकडे त्या कारणावर कोणी शंका घेत नाही.

"लबाडी नोको करू," बाबा म्हणाले. "उलटतपासणीत फुटते ते. कबुली दे अन् तारीख मागून घे."

"कंपनीत तारीख देत नसतात, बाबा."

"मागतल्याबिगर कोर्टातही नाई देत. मी जिंदगीभर दुसरं काय केलं?"

मी फोन लावला. "मॅडम, होऊन राहिली म्हणजे झाली नाही. होतेय."

मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुझ्याकडे होऊन पडून राहिली आहे."

"आमच्याकडे पडून राहिली म्हणजे पडतेय," मी घाबरत घाबरत सांगितलं.

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "उद्या दहापर्यंत दे. गिऱ्हाइकाशी मी बोलते." तारीख मिळाली. दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच मी पुस्तिका पाठवली.

त्यानंतर जिभेला लगाम घालायचं मी सोडूनच दिलं. मॅडमच आता विचारतात, "झालं, की होऊन राहिलं?" आश्चर्य म्हणजे कामही हलकं वाटायला लागलं. दुसरा महिना सरताना त्या म्हणाल्या, "तू तिथूनच कर. यायची गरज नाही."

मला इतका आनंद झाला की धावत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. मग पेपरामागूनच आवाज आला, "तू मीटिंगले बसली का मले घाम सुटे. तुले बलावून राहिले का काय, मनून दारात येऊन आयकत जाओ मी."

हाच माणूस दोन महिने रोज सांगत होता, "जाय तू पुण्याले, मले काई लागत नाई." आणि मी मात्र ताण एकट्या मलाच आहे असं धरून त्यांच्यावर खेकसत होते. मला फार वाईट वाटलं.

"मग सरळ विचारलं काहून नाही बाबा, जाते की राहते म्हणून?"

बाबांनी पान उलटलं. "ज्याचं उत्तर आयकाची हिंमत नाई, तो प्रश्न वकील इचारत नाई."