घर दाखवण्याचा कार्यक्रम

आमचा घटस्फोट संमतीनं होत होता. अडलं होतं ते नोएडातल्या फ्लॅटपाशी. मला घर हवं होतं, नवऱ्याला त्याच्या अर्ध्या वाट्याचे पैसे. किंमत ठरवायला मूल्यमापक येणार होता. बँक मला ठरावीकच कर्ज देणार होती. आकडा त्यावर गेला की घर विकणं आलं. वकीलबाईंनी बजावलं होतं, "किंमत कमी लागली तर तुमचंच भलं. घर सजवत बसू नका."

एवढं कळत असूनही मी पहाटे उठून फरशी पुसली, जाळ्या धुतल्या, दारात रांगोळी काढली आणि पोहे भिजवले. घर बघायला कुणी येणार म्हटलं की मला दुसरं काही सुचतच नाही. आईनं वळणच तसं लावलंय. लग्नाची मुलगी दाखवावी तसं मी घर दाखवायला निघाले होते. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

मूल्यमापक टेप घेऊन आला. मागोमाग नवराही आला. "घर तो एकदम नया रखा है, मैडम," मूल्यमापक म्हणाला आणि मी फुलले. त्याला ओटा दाखवला. माझ्या उंचीचा ओटा इथल्या मिस्त्रीला पटेना, तेव्हा नवरा दिवसभर पट्टी धरून उभा राहिला होता, हेही सांगून टाकलं.

नव्या कंपनीत त्याला नोकरी लागली तेव्हा आम्ही हा फ्लॅट घेतला. दिल्लीतले नातेवाईक हसले होते, "जमनापार? यमुनेपलीकडे तर कोल्हे राहतात, यार!" समोर मोहरीची शेतं होती आणि मोरही यायचे. दर रविवारी आम्ही स्कूटरवरून बांधकाम बघायला यायचो आणि छप्पर नसलेल्या स्वयंपाकघरात विटांवर बसून एकाच डब्यातून पोहे खायचो. तेवढी सुखी मी पुन्हा कधीच झाले नाही.

"मेट्रो भी आने वाली है," मूल्यमापक लिहिता लिहिता म्हणाला. म्हणजे आकडा आणखी चढणार. आपल्या हातानं घर घालवलं, असं वाटलं.

तेवढ्यात नवऱ्यानं झोपायच्या खोलीतलं कपाट सरकवलं. "भाईसाहब, इधर आइए. ये सीलन देखिए. पाइप अंदर से लीक है, पूरी दीवार तोड़नी पड़ेगी. लिखिए."

दर दिवाळीला त्या ओलीवर रंगाचा हात तोच मारायचा. किंमत चढली असती तर फायदा त्याचाच होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

निघताना मी त्याला उरलेले पोहे डब्यात भरून दिले. सवयीनंच. "ठीक आहे," म्हणाला आणि जिना उतरला.

आकडा माझ्या कर्जात जेमतेम बसला. आठवड्यानं सोसायटीच्या चौकीदारानं डबा आणून दिला. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, काहीच नसलं तर साखर घालतात. त्यातही साखर होती, आणि साखरेत रोवलेली त्याच्याजवळची घराची किल्ली.

कोर्टात मी एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी ओट्याला टेकून हमसून हमसून रडले.