आटपाडीच्या माळावरच्या मातीच्या खोल्या

नवरा गेल्यावर सांगलीतलं घर मला खायला उठायचं. त्याच सुमारास लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार माझ्याकडं आले. आटपाडीच्या पुढं त्यांचा माळ होता. तिथं पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या, पण सिमेंट नको, एसी नको, माळ बिघडवायचा नाही.

"राजस्थानात पोस्टिंगला होतो तवा मातीच्या घरात ऱ्हायलोय," ते म्हणाले. "भायेर आग, आत गार. तसलं पायजे, मॅडम."

मी आर्किटेक्ट, पण आजवर बंगलेच बांधले होते. तरी हो म्हटलं, आणि पहिली खोली उभी राहताच तिथंच मुक्कामाला गेले. माळावरच्याच मातीत भुस्सा आणि चुना कालवून हातभर जाड भिंती घातल्या. उतरत्या उन्हाच्या बाजूला एकही खिडकी ठेवली नाही. छपरावरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत उतरवलं.

संध्याकाळी गवंडी गावाकडं परतले की आम्ही दोघंच उरायचो. ते चहा करायचे. त्यांचीही बायको गेलेली. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. वाळल्या गवतातून वारा जायचा, तेवढाच आवाज.

एकदा मी विचारलं, "काका, इथं कोण येणार राहायला?"

"येतील की. न्हाई आली तर आपुन हायच."

शेवटच्या खोलीचं छप्पर पुरं झालं आणि त्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांच्या मुलीनं त्यांना मिरजेच्या दवाखान्यात दाखल केलं. मी उरलेलं काम उरकत राहिले. दुपारी त्यांचा फोन यायचा.

"आत गार हाय न्हवं?"

"लय गार हाय, काका." मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते. बोलणं एवढंच. फोन मात्र कुणीच ठेवायचं नाही.

एका दुपारी त्यांच्या नंबरावरून मुलगी बोलली. काका गेले होते.

दिवसकार्य उरकल्यावर ती माळावर आली. याआधी कधीच आली नव्हती. चपला बाहेर काढून आत गेली आणि सारवलेल्या जमिनीवर भिंतीला पाठ टेकून बसली. जमिनीवरून हात फिरवत म्हणाली, "बाबा इथं एकटेच असायचे?"

"मी होते," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मग तिला रडू फुटलं. मी तिच्याशेजारी बसून राहिले. मला रडता आलं नाही.

आता तिथं पुण्याकडची माणसं येऊन राहतात. मुलगी मोबाईलवर फोटो पाठवते. एक खोली तुमच्यासाठी रिकामी ठेवते, या, म्हणते. मी येते म्हणते, आणि जात नाही.