तात्यांना सोडलं, घेतलं का?

आमच्या शेजारच्या साहेबाइतका चिवट माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नसेल. गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी बंदरावरून शेवटचे बांगडे आणले, तेव्हाही पिशवी माझ्या हातात देताना याने विचारलंच, "तात्या, घेतलं?" मी "हूं" केलं. "हूं नाही, घेतलं म्हणा." तोवर पिशवी त्याच्याच मुठीत.

जन्मभर हा मुंबईला विमानांना वाट दाखवायच्या नोकरीत होता. मी चौथी शिकलेला, चिरेखाणीवरचा माणूस. पण त्याने इतक्यांदा सांगितलंय की मलाही पाठ झालंय. आभाळाचे वाटे पाडलेले असतात, प्रत्येक वाट्याला एक राखणदार. विमान पलीकडच्या वाट्यात शिरण्याआधी तिकडच्याला फोन करायचा, त्याने "घेतलं" म्हटलं की सोडायचं. एकदा याला वाटलं जोडीदाराने सांगितलं, जोडीदाराला वाटलं याने. विमान पलीकडे शिरलं आणि तिकडच्याला पत्ताच नाही. झालं काहीच नाही. पण "तेवढी चार मिनिटं ते कुणाचंच नव्हतं हो, तात्या," हे सांगताना अजून त्याचा चहा निवून जातो.

तेव्हापासून सगळ्यांचा छळ. कोळीण एकदा ओरडली, "सायबा, बांगडा हाय, विमान नाय!" फणस द्यायला आला तरी उत्तर मिळेपर्यंत काट्यांसकट छातीशी धरून उभा.

माझी बायको मात्र त्याला पुरून उरली. संध्याकाळी आम्ही फिरून आलो की हा फाटकातून हाक मारायचा, "वहिनी, तात्यांना सोडलं!" ही चुलीपुढून ठणकावायची, "घेतलं!" वर मला ऐकवायची, "तुम्हाला घेणारी मीच एक, विसरू नका."

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर पहिल्यांदा फिरून आलो तर याने सवयीने हाक मारली. घरातून कोण बोलणार? मी खेकसलो, "जा की आता घरी!"

"उत्तर आल्याशिवाय सोडता येत नाही," म्हणाला, आणि मी दिवा लावून ओटीवर बसेपर्यंत फाटकाशी उभा राहिला. मग रोजच तसं. म्हणजे दोन वर्षं मी त्याच्याच वाट्यात होतो.

आता त्याची मुलगी त्याला कायमचा पनवेलला नेत होती. बांगडे आणले त्या संध्याकाळी फाटकाशी म्हणाला, "तात्या, उद्यापासून तुम्हाला कोण घेणार?" मी फाटक लावलं, पिशवी फ्रिजात टाकली, न जेवता निजलो.

सकाळी फोन वाजला. "खेड आलं. पुढे बोगदे आहेत, आवाज तुटेल. तात्यांना सोडलंय, घ्या कोणीतरी!"

"कोण घेणार? इथं मी एकटा."

"मग तुम्हीच घ्या की! लवकर, गाडी हलली!"

ही ओरडायची तसाच ओरडलो, "घेतलं!"

"हां," एवढंच आलं आणि फोन तुटला.

मग मी बांगडे काढले आणि विळी घेऊन मागीलदारी साफ करायला बसलो. एरवी नुसते तळायचो. त्या दिवशी ती करायची तसं तिरफळं घालून कालवण केलं. तिरफळांचा डबा ती कुठं ठेवायची, हे शोधण्यात मात्र अर्धी सकाळ गेली.