पाइपवरची कोरडी जागा

मी यीस्ट वाढवतो, भुतं नाही... हे आधीच सांगून ठेवतो. फतेगंजच्या आमच्या घरी दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली, तर मी मिरच्या काढून भजी करायला सांगायचो. त्यामुळे पुढचं वाचून हसलात तरी माझी तक्रार नाही.

मकरपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत मी फर्मेंटरवर, म्हणजे यीस्ट वाढवायच्या टाकीवर आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूवर आम्ही लस बनवतो. यीस्टकडून त्या विषाणूचं नुसतं कवच तयार करून घ्यायचं. आत काही नसतं, पण शरीर त्याला खरा शत्रू समजतं आणि लढायला शिकतं.

हे काम मला भानुबेननी शिकवलं. जुन्या ऑपरेटर. यीस्ट मिथेनॉल खायला लागलं की टाकी तापते आणि तिला थंड करून परतणारं पाणी कोमट होतं. भानुबेन दर अर्ध्या तासाने त्या परतीच्या पाइपवर तळहात ठेवायच्या. म्हणायच्या, "दीकरा, स्क्रीन खोटं बोलेल, पाइप नाही बोलणार." नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मीच शहाणपणा केला. "भानुबेन, हात लावणं नोंदीत बसत नाही. सोडा आता." त्या हसल्या. "सारू," म्हणाल्या, गुजरातीत म्हणजे बरं. पुन्हा कधी त्यांना हात लावताना मी पाहिलं नाही.

त्याच कॅन्सरने त्या गेल्या. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्यानंतर चार महिन्यांनी चाचणीसाठीची बॅच लावली. आधीच्या दोन फसल्या होत्या. ही गेली तर प्रोजेक्ट बंद, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. दुपारचे पावणेतीन. खोलीत मी एकटा, स्क्रीनवर सगळं हिरवं. इंटरकॉम वाजला — बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीतून.

"दीकरा, पाइप पर हाथ मूक."

बाळा, पाइपवर हात ठेव... भानुबेनचाच आवाज. लाइन बंद. खरं सांगतो, भीती नंतर वाटली, आधी राग आला. गेलेल्या बाईची नक्कल करायची? रागातच उठलो आणि पाइपला हात लावला.

पाण्याच्या माठासारखा गार, घाम सुटलेला. म्हणजे यीस्टचं खाणं थांबलं होतं. टाकीतला ऑक्सिजन मोजणारा प्रोब एकाच आकड्यावर अडकला होता, त्यामुळे ऑक्सिजन संपत आल्याचं स्क्रीनला कळलंच नव्हतं, आणि पंप मात्र मिथेनॉल ओततच होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळी टाकी मेली असती. मी पंप बंद केला आणि टाकीतली हवा वाढवली.

मग पाइपकडे नीट पाहिलं. माझ्या हाताच्या जरा वर, त्या ओल्या पाइपवर एका तळहाताएवढी जागा कोरडी होती. बोट टेकवलं. कोमट.

संध्याकाळपर्यंत सगळा पाइप पुन्हा कोमट झाला. बॅच वाचली.

बाहेरच्या खोलीचं दार कार्डाशिवाय उघडत नाही, आणि त्या दुपारी माझ्यानंतर कुणाचंच कार्ड लागलेलं नव्हतं. मेंटेनन्सचा जिग्नेशभाई म्हणाला, "लाइनमां फॉल्ट हशे." फॉल्ट गुजराती बोलतो का, विचारलं, तर तो इंटरकॉमचे स्क्रू घट्ट करायला लागला. त्या कोरड्या जागेबद्दल मी त्याला सांगितलंच नाही.

 मी आता दर अर्ध्या तासाने पाइपवर हात ठेवतो, नोंदीत बसो न बसो. भानुबेनना मी हात लावणं सोडायला सांगितलं होतं. त्यांनी सोडलं नाही, एवढंच मला माहीत आहे.