क्योतोचा प्लमचा बहर आणि कमानीबाहेर थांबलेली आई

रिटायर झाल्यावर आईने एकच मागितलेलं: एकदा बौद्ध देशात जाऊन बुद्धासमोर वंदना घ्यायची. मी कॉलेज अर्धवट सोडून फिरत सुटलेला माणूस, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. ठाण्यातल्या टूरवाल्याच्या कागदावर होतं, ‘क्योतो : प्राचीन बुद्ध मंदिर व प्लमची बाग’. मी विचारलं, “बुद्धाचंच ना नक्की?” तो म्हणाला, “जपान आहे साहेब, सगळीकडे बुद्धच!” आणि मी मान डोलावली. मोबाइलवर दोन मिनिटं शोधलं असतं तर कळलं असतं. पण तेव्हा मी शूजचे सेल बघत होतो.

बहर बघायचा तर फेब्रुवारीच्या शेवटी जा. थंडी कडक असते. चौथ्या दिवशी आई थर्मलवर पांढरी साडी नेसून, पर्समध्ये मेणबत्त्या आणि अगरबत्ती घेऊन बसमधून उतरली. समोर दगडी कमान. आत परीक्षेवाली पोरं लाकडी पाट्यांवर नवस लिहितायत, काशाच्या बैलाचं डोकं चोळतायत. बुद्ध कुठेच नाही.

गाइड म्हणाली, “हा शिंतो धर्मातला विद्येचा देव. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत वाकायचं.”

आई कमानीपाशीच थांबली. “इथे बुद्ध नाही?”

“देव तो देव, मावशी,” आमच्या ग्रुपमधले डोंबिवलीचे काका म्हणाले. “हात जोडा नि चला.”

“तुम्ही जोडा. मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. कुठल्या देवापुढे नाही वाकायची.”

“फिरायला आलोय ना आपण? इथे कुठे ते काढता!” काकू.

माझं डोकंच फिरलं. टूर मॅनेजरला धरला. तो म्हणतो, “सर, लिहिण्यात थोडं इकडेतिकडे होतं. वाटेत बुद्ध दिसला तर गाडी थांबवू.” जसं काय वडापाव खायला थांबवतोय!

गाइड बिचारी चांगली. तिने सांगितलं, दहा मिनिटांवर एक छोटं बौद्ध देऊळ आहे, चारला बंद होतं. तेव्हा सव्वातीन वाजलेले. आई म्हणाली, “तू बाग बघून ये पटकन. तिकीट काढलंयस ना. मी इथेच आहे.”

बागेचं तिकीट हजार-बाराशे येन, त्यात चहा आणि एक गोड वडी. आणि बाग, खोटं कशाला बोलू, वेड लावते. वाकड्यातिकड्या काळ्या फांद्या, त्यांना पानं नाहीत, नुसती पांढरी-गुलाबी फुलं, वास मधासारखा. मग खारवलेल्या प्लमचा स्टॉल. एवढं आंबट की कानातून कळ गेली. विकणारी आजी माझं तोंड बघून हसत सुटली, मग तिचाच व्हिडिओ काढला. मग परत चहा.

बाहेर आलो तेव्हा चारला दहा कमी. आई त्याच जागी, पदर कानाला गुंडाळून.

तिच्या गुडघ्यांनी जेवढं जमेल तेवढं पळालो. एक म्हातारा देवळाचं दार ओढून घेत होता. त्याने घड्याळ दाखवलं, कमरेत वाकून माफी मागितली आणि दार लावलं.

बसमध्ये मी मॅनेजरला सगळ्यांसमोर सोलून काढला. आई म्हणाली, “गप रे. लोक बघतायत.”  ओरडायचं कुणावर ते मलाही माहीत होतं.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: कमान असलेलं ते श्राईन, तिथे शिंतो देव. बुद्ध हवा तर टेम्पल शोधा, स्वतः शोधा, आणि आधी तिथे जा. फुलं कुठे पळत नाहीत.

ठाण्याला, कोपरीत परत आलो त्या रविवारी आईबरोबर विहारात गेलेलो. मैत्रिणींनी तिला दारातच घेरलं. “काय गं, झाली का बुद्धापुढे वंदना?”

मी मागे चपला काढत होतो. आई म्हणाली, “झाली ना. पोराने नेलं की मला.”

मग सगळ्या बसल्या, पंचशील सुरू झालं. आईचा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर असतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेवढ्याला तिचा आवाज आला नाही. पाचव्याला परत आला.