डीएनएला मिशी कळत नाही

आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये नमुने फ्रीजरमध्ये साठतात आणि किस्से जेवणाच्या टेबलावर. फ्रीजर अधूनमधून रिकामा करतो, किस्से मात्र वाढतच जातात. काम ऐकायला साधं आहे. रक्ताचा डाग, केस, दात, मिळेल त्यातून डीएनए काढायचा आणि तो माणूस दिसायला कसा असेल, ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं. इतकी वर्षं झाली, पण स्क्रीनवर नाक उमटायला लागलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

पहिलाच सराव. एका अनोळखी माणसाने चहा प्यालेला कप आम्हाला दिला होता. त्यातून चेहरा आला: कुरळे केस, गोरा रंग, घारे डोळे. आमच्या प्रमुख सामंत मॅडम आधी स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग आमच्या मालवणच्या धुरीकडे. शांतपणे म्हणाल्या, "धुरी, कप हाताळताना तुझा मास्क कुठे होता?"

धुरीला बोलल्याशिवाय काम जमत नाही, त्याचीच थुंकी कपात उडाली होती. आम्ही हसून लोळलो. मग एकेक करून पुन्हा स्क्रीनपाशी आलो. एका थेंबाने आपला धुरी समोर उभा केला होता यार!

मुलुंडला आमच्या सोसायटीत हे कळलं आणि सेक्रेटरी घरी आले. लिफ्टमध्ये कोणीतरी पान खाऊन थुंकतं, त्याचा चेहरा काढून द्या म्हणाले. असली खासगी कामं आम्ही करत नाही, असं मी सांगितलं. तरी त्यांनी नोटीस लावलीच, 'थुंकणाऱ्याचा चेहरा लवकरच इथे लागेल.'

दुसऱ्या सकाळी लिफ्ट घासून लख्ख! वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, पहाटे सेक्रेटरीसाहेबांच्या आईच बादली घेऊन आल्या होत्या.

आता एक गोष्ट खरी, डीएनएला वय कळत नाही. कॉम्प्युटर सगळ्यांना पंचविशीतलेच काढतो. दाढी नाही, मिशी नाही, जखमेचा व्रण नाही. एका इन्स्पेक्टरला ते फारच मिळमिळीत वाटलं, म्हणून त्याने पेन काढून चित्राला दाढी काढायला घेतली. मॅडमनी कागद ओढूनच घेतला. "डीएनएने सांगितलं नाही, ते आपण काढायचं नाही." धुरीने हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून प्रिंटरवर चिकटवला.

मागच्या वर्षी खाडीच्या गाळात एक कवटी सापडली. दाढेतून डीएनए मिळाला, चेहरा आला, आणि पोलिसांनी तो मासळी बाजारात लावला. यांना कोणी ओळखतं का, म्हणून. चार दिवसांनी हवालदार एका कोळणीला घेऊन आला. बाई भयंकर संतापली होती.

"माझ्या पोराचा फोटू मेलेल्यांत का लावलाय? हा बघा, जिता आहे!"

मागे तिचा तेविशीचा मुलगा उभा होता. तोच चेहरा. धुरीसुद्धा बोलायचा थांबला.

मॅडमनी तिला बसवलं आणि मुलाच्या वडिलांबद्दल विचारलं. ते बोटीवर गेले ते परतलेच नव्हते, तेव्हा हा पाळण्यात होता. काहीच सापडलं नाही, मग गेला असं कसं मानायचं, म्हणून बावीस वर्षं तिने कपाळावरचं कुंकू पुसलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, चेहरा हा नुसता अंदाज असतो, खरं काय ते मुलाचा नमुना जुळवल्यावर कळेल. मी मुलाच्या गालाच्या आतून नमुना घेतला.

बाई तोवर चित्राकडे बघत होती. मग मुलाकडे बघितलं, मग पुन्हा चित्राकडे.

"याला मिशी नाही," ती हळूच म्हणाली. "त्याला होती."

मॅडमनी प्रिंटरवरच्या नियमाकडे पाहिलंही नाही. पेन्सिल घेतली आणि कुठे जाड, कुठे वळलेली, असं तिलाच विचारत मिशी काढली. कागद तिच्या हातात दिला.

तिने पदर घेऊन आधी कागदावर पडलेलं पाणी टिपलं, आणि मग कपाळ पुसलं.