दिवे चालू असलेलं बंद दुकान

डोळ्यांमुळे मी ड्रायव्हिंग सोडलं, तेव्हा डेट्रॉइटजवळच्या आमच्या गावात चालत जाता येईल असं एकच ग्रोसरी स्टोअर होतं. मागच्या वर्षी तेही बंद झालं. शेजारी एक अमेरिकन बाई एकटी राहते, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेली. आम्ही दोघी पिशव्या घेऊन गेलो, तर दारावर कागद चिकटवलेला. शेल्फं रिकामी होती, पण आतले दिवे लख्ख चालू.

महिना उलटला तरी दिवे चालूच.

एका दुपारी मी काचेला कपाळ टेकवून आत पाहत होते. एकदम आत ढग गडगडले. बाहेर स्वच्छ ऊन! मी दचकून मागे सरले. मग भाजीच्या रिकाम्या रॅकवर, भाजी ताजी राहावी म्हणून बसवलेला बारीक पाण्याचा फवारा सुरू झाला. पूर्वी लोकांनी हात मागे घ्यावेत म्हणून फवाऱ्याआधी तो रेकॉर्ड केलेला गडगडाट वाजवत. आता कोथिंबिरीची काडीही नव्हती, तरी तिथे ठरल्या वेळी पाऊस पडत होता.

"हे बंद का करत नाहीत?" मी शेजारणीला विचारलं.

"भाडेकरार संपलेला नाही, जागा अजून दुकानाच्या कंपनीच्याच ताब्यात आहे. ती धरून ठेवली की तिथे दुसऱ्या कंपनीचं ग्रोसरी येत नाही."

माझा मुलगा टेक्सासमधल्या प्लेनोहून फोनवर म्हणाला, "आई, ॲपवरून मागव ना." मागवलं. पण शेजारीण ॲपवाली नव्हती. तीन दिवस ती कॅनमधल्या सूपवर होती, हे मला फार उशिरा कळलं.

मग नगर परिषदेत सुनावणी लागली. दुकान बंद करण्याआधी पुरेशी नोटीस द्यायची आणि तिथे दुसरं ग्रोसरी येऊ नये अशी अट घालायची नाही, असा कायदा येऊ घातला होता. मी त्या फवाऱ्याबद्दल सांगितलं. कोणी हसलं नाही.

कायदा पास झाला. पण आमच्या दुकानाच्या जुन्या भाडेकराराला तो लागू होत नव्हता. तो करार संपेपर्यंतची सोय म्हणून परिषदेने दर बुधवारी दूरच्या दुकानापर्यंत व्हॅन सुरू केली.

पहिल्या बुधवारी आम्ही अकरा जण होतो. शेजारीण सोडली तर एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता, आणि सगळे आमच्याच रस्त्यावरचे. इतके दिवस ही माणसं काय खात होती, हे विचारायचा धीर मला झाला नाही.